दारातली गाडी आणि घरातली माणसं



मी कल्याण तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. टिटवाळा, खडवली, फळेगाव, रायते, गोवेली या बाजूला माझं रोजचं येणं-जाणं. एरवी मी तुमच्याशी हप्ते, ठराव आणि कर्जफेड यांवर बोलते. आज मात्र चारचाकी गाडीबद्दल बोलणार आहे. "ते पुरुषांचं काम, आमचं काय त्यात?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आपलं त्यात काय आहे, तेच सांगायला आज आले आहे.

आमच्या एका गटात एक काकी आहेत. नाव सांगत नाही, नुसतं काकीच म्हणू. समृद्धी महामार्गाला त्यांची जमीन गेली. मोबदल्यातून घर झालं, देणी फिटली आणि उरलेले पंचवीस लाख मुदत ठेवीत टाकले होते. यंदा ती ठेव पिकली. पैसे खात्यावर यायच्या आधीच घरात गाडीची चर्चा सुरू झाली.

धाकट्या मुलाच्या मनात एक गाडी भरली होती. जर्मन कंपनीची, बसकी, दोन दारांची, लाल रंगाची. सेकंड हॅन्ड, पण दिसायला कोरी. किंमत वीस लाख. मोठ्याचं म्हणणं, "घ्यायची तर उंच, दणकट, सात माणसं बसतील अशी नवी गाडी घ्या." तिची किंमत सगळे कर धरून बावीस लाख. दोघा भावांचं आठवडाभर वाजलं. काकी गटाच्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "ताई, एकाला हळदीला मिरवायला गाडी पाहिजे, दुसऱ्याला गाव न्यायला. तुमच्या काकांना दवाखान्यात कशातून न्यायचं, ते कुणीच बोलत नाही."

काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, कल्याणला. जाताना रिक्षाने जातात. येताना अंगात त्राण नसतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हळदीला दारात कोणाची गाडी उभी आहे, हे बघितलं जातं. खोटं कशाला बोलायचं? मलाही चांगली गाडी बघायला आवडते. आणि ही हौस फक्त आपल्याच गावांची नाही. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी! देशभर बातमी झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा या व्यवहाराची दुसरी बाजू लिहिली. त्या मोटारींना सात टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी जास्त व्याज भरावं लागत होतं.

मला त्यातून आपल्यापुरती एक गोष्ट दिसते. त्या मंडळींनी केलं काय? गट केला, एकत्र गेले आणि दर पाडून घेतला. अहो, हे तर आपण महिन्याच्या महिन्याला करतो! मग घरात गाडी घ्यायची म्हटल्यावर आपण चहा करायला आत का जातो? काकींना आम्ही गटात बसवलं आणि वही काढली.

पहिला प्रश्न लिहिला, गाडीत रोज कोण बसणार? वर्षातून दोनदा लग्नाला कोण बसणार, ते सोडा. उत्तर आलं, काका, काकी आणि गाडी चालवणारा मुलगा. अधूनमधून सून आणि नातू. मी काकींना सांगितलं, "किमतीचं नंतर बोलू. आधी काकांना घेऊन जा आणि दोन्ही गाड्यांत बसवून बघा."

त्या गेल्या. बसक्या गाडीत काका कसेबसे आत शिरले, पण बाहेर निघताना दोघांनी हात धरून उपसावं लागलं. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत घुसायचं. मग मोठ्या मुलाच्या पसंतीची गाडी बघितली. ती इतकी उंच, की काकांचा पायच वर जाईना. काकींचे गुडघे दुखतात, त्यांनाही चढता येईना. म्हणजे दोन्ही मुलं हरली! दणकट गाडी म्हणजे आपोआप घरच्यांच्या सोयीची गाडी, असं नसतं. सीट आपल्या कमरेच्या उंचीला असली की म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं. ना खाली वाकायचं, ना वर चढायचं. पाय ठेवायला पायरी आणि धरायला मूठ आहे का, तेही बघायचं. हे कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. माणूस बसवून बघितल्यावरच कळतं.

दुसरा प्रश्न, गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार? धाकटा म्हणाला, "आमण्याला समृद्धीवर चढलं की नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर मोकळा रस्ता. तिथं ही गाडी विमानासारखी जाईल." इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून आपल्या पोरांना हे वेड लागलंय. पण त्या रस्त्यावर मोटारीला वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि तेवढा वेग साधी गाडीही घेते. मग त्यापुढच्या ताकदीचे पैसे कशाला मोजायचे? दंड भरायला, की जीव धोक्यात घालायला?

आणि समृद्धीवर चढायच्या आधी घरापासूनचा रस्ता आहेच की. आपले गतिरोधक, पावसाळ्यातले खड्डे, शेताकडची कच्ची वाट. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, ते विचारा. बसक्या गाड्यांचं पाच-साडेपाच इंच असतं, त्या गतिरोधकाला खालून घासतात. आपल्या रस्त्यांना सात इंचांच्या आसपास उंची बरी. गाडीत सगळी माणसं बसल्यावर ती आणखी खाली दबते, हेही लक्षात ठेवा.

पावसाळ्याचं मुद्दाम सांगते. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेही आठवत असेल. "आपली गाडी उंच आहे, जाईल पाण्यातून" असं म्हणणाऱ्याला गाडीतून खाली उतरवा. फूटभर पाणी लहान गाडीला तरंगवतं. दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही ओढून नेतं. उंच गाडी म्हणजे होडी नव्हे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि इंजिन निकामी होतं. साध्या विम्यात बहुतेक वेळा हे नुकसान धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी विमा घेताना हे नक्की विचारा.

तिसरा प्रश्न, गाडी घेतल्यावर दर महिन्याला किती पैसे जाणार? म्हैस घेताना आपण नुसती किंमत विचारत नाही, पेंड आणि चारा किती लागेल तेही विचारतो. गाडीचंही तसंच. महिन्याला हजार किलोमीटर धावणं धरा आणि सोप्या हिशेबासाठी इंधन शंभर रुपये लिटर धरा. लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी दहा हजारांचं इंधन पिते. पंधरा किलोमीटर जाणारी साधारण सहा हजार सातशेचं. वर्षाला चाळीस हजारांचा फरक झाला. आपल्या गटातल्या कितीतरी बायांचं कर्जच तेवढं असतं! इंजिन १५०० सीसीच्या वर गेलं, की सक्तीच्या विम्याचा हप्ताही दुपटीहून जास्त होतो.

करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. उंच आणि दणकट गाडीसुद्धा या लहान गटात बसू शकते. आपल्या गावोगावी दिसणारी बोलेरो लांबीला चार मीटरच्या आतच आहे. म्हणून दुकानात गेल्यावर आधी लांबी आणि सीसी विचारा.

कर्ज काढणार असाल तर हेही ऐका. दहा लाख रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २०,७६० रुपये बसतो आणि व्याज जातं जवळपास अडीच लाख. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता दिसायला १६,०९० होतो, पण व्याज साडेतीन लाख. हप्ता कमी दिसला म्हणून गाडी स्वस्त झाली, असं होत नाही.

चौथा प्रश्न जुन्या गाडीचा. महागड्या कंपनीची जुनी गाडी स्वस्त मिळते, पण तिचे सुटे भाग आणि कारागिरी स्वस्त होत नाही. वीस लाखांना घेतलेल्या गाडीची मूळ किंमत साठ लाख असेल, तर दुरुस्तीचं बिल साठ लाखांच्या गाडीचंच येतं. शिवाय दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि आपल्या राज्याचा कर पुन्हा भरावा लागतो. परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की गाडी किती साली नोंदली आणि तिच्यावर कर्ज आहे का, ते दिसतं. काकींच्या सुनेने नंबर टाकला. त्या लाल गाडीवर कर्जाचा बोजा अजून तसाच होता. विकणाऱ्याने तो शब्दही काढला नव्हता.

पाचवा प्रश्न काकींनी स्वतःच विचारला. मी वहीत लिहिलेलाही नव्हता. त्या म्हणाल्या, "जमिनीच्या कागदावर माझ्या लेकीनेही सही केली होती. या गाडीत तिचा वाटा किती?"

बैठकीत कोणी बोलेना. मैत्रिणींनो, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ पासून देशभर तो कायदा आहे, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच. सही घेताना मुलीला गाडी पाठवून बोलावतात आणि पैसे आले की ती परक्या घरची होते. काकींनी घरी जाऊन आधी लेकीचा वाटा बाजूला काढायला लावला. मग काकांच्या आजारपणाचे पैसे वेगळे ठेवले. गाडीसाठी उरले अकरा लाख. त्यानंतर भांडायला फारसं काही राहिलंच नाही.

त्यांनी घेतली चार मीटरच्या आतली, पोट उंच असलेली, पण सीट कमरेच्या उंचीची नवी गाडी. भारत एनकॅप नावाची सुरक्षेची चाचणी आपल्या देशात ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे, तिचे तारे बघून घेतली. बाहेरून रणगाड्यासारखी दिसणारी प्रत्येक गाडी आतल्या माणसाला वाचवतेच असं नाही, म्हणून तारे बघायचे. आणि गाडी नोंदली काकींच्या नावावर. आरसी बुकावर स्वतःचं नाव बघून त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर आयुष्यभर नाव लागलं नाही, इथं लागलं."

धाकटा महिनाभर रुसला होता. अजूनही लाल गाडी दिसली की मान वळवून बघतो. बघू दे, वयच आहे. पण मंगळवारी आणि शुक्रवारी काकांना तोच घेऊन जातो. परवा मला टिटवाळ्याला भेटला, तर म्हणाला, "ताई, बाबा परत येताना मागच्या सीटवर झोपतात. मग मी खड्डे चुकवत चालवतो. वीसच्या वर जातच नाही."

सगळ्यांनी हीच गाडी घ्या, असं मी सांगत नाही. कुणाला सात माणसं रोज न्यायची असतील, भाजीचे कॅरेट बाजारात टाकायचे असतील, त्यांना मोठी दणकट गाडीच लागेल. कुणाकडे सगळं भागून पैसे उरत असतील आणि वेगाची हौस असेल, तर त्यांनी ती मर्यादेत करावी. आणि ज्यांचं महिन्यातून दोन फेऱ्यांचं काम आहे, त्यांनी गाडी भाड्याने घ्यावी, हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये. पण ठरवताना घरातल्या बायकांनी मधे बसायचं. कागदावर सही करायची, तर आधी हिशेब वाचायचा.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात हे पाच प्रश्न वाचून दाखवा. रोज कोण बसणार? कुठल्या रस्त्यावर चालणार? दर महिन्याला किती जाणार? जुनी असेल तर कागद काय सांगतात? आणि त्या पैशात कोणाकोणाचा वाटा आहे? हिशेबाला वही घ्या, आणि गाडी बघायला जाताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला बरोबर न्या. गाडी त्यालाच आधी पसंत करू द्या.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.