दोन अंक आणि सातासमुद्रापलीकडची नोटीस
(खराडी येथील वाचक-मेळाव्यात केलेलं भाषण)



आज आपण खराडीत का जमलो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या अंकात आपण इथल्याच एका बहिणीची हकीकत छापली. लग्न करून नवरा परदेशी गेला, तिकीट पाठवतो म्हणाला, ते आलंच नाही. आपण नाव, गाव, कंपनी काही छापलं नव्हतं. तरी महिन्याभरात तिकडच्या वकिलाची नोटीस आली: माफी छापा, नाहीतर आमच्या कोर्टात हजर व्हा. त्या शहरात आपल्या वर्गणीदार किती? दोघी!

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मजकूर खरा होता, कागद होते. पण विमानाचं भाडं, तिकडच्या वकिलाची फी कुठून आणायची? अशा दाव्यात निकाल लागायच्या आधीच अंतर शिक्षा देतं.

हे आपल्यावरच आलेलं नाही. रेचल एरनफेल्ड या अमेरिकन लेखिकेवर एका सौदी धनिकानं लंडनमध्ये दावा लावला. पुस्तक अमेरिकेतलं, इंग्लंडात पोचलेल्या प्रती अवघ्या २३. त्या तिथं लढायला गेल्या नाहीत, निकाल विरुद्ध लागला. पण त्या गप्प बसल्या नाहीत. २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं आणि २०१० मध्ये साऱ्या अमेरिकेनं कायदा करून असे परदेशी निकाल अडवले. इंग्लंडनंही २०१३ मध्ये आपल्या कायद्याला बांध घातला. माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गलिझिया यांचा २०१७ मध्ये खून झाला, तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक दावे चालू होते. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

आपल्या देशात तर राज्याची हद्दसुद्धा पुरते. १९९३ साली मुंबईच्या हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीत काय घडलं, ते प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये उघड सांगितलं. एम. जे. अकबर यांनी ते नाकारून दिल्लीत फौजदारी खटला भरला. रमाणी बंगलोरला राहत, तारखा दिल्लीत. १७ फेब्रुवारी २०२१ ला त्या निर्दोष सुटल्या. बाई आपली तक्रार कितीही वर्षांनी, कुठल्याही व्यासपीठावर मांडू शकते, असं कोर्ट म्हणालं. अकबर त्याविरुद्ध अपिलात गेले. निर्दोष सुटण्यासाठी दोन वर्षांहून जास्त काळ खेपा घालाव्या लागल्या, हे विसरू नका.

पुण्याला हे नवं नाही. ‘केसरी’, ‘मराठा’ पुण्याचे, मजकूर कोल्हापूर दरबाराविषयी, खटला मुंबईत. १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. पण ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली, ती बनावट निघाली होती. हा धडाही आपल्याच गावचा आहे. अन्याय झाला म्हणून कागद तपासायचे राहून चालत नाही.

आता कायद्याचं. आपल्याकडे बदनामी अजूनही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मजकूर खरा असणं पुरत नाही, तो लोकहिताचा आहे हेही दाखवावं लागतं. परदेशी निकालाची गोष्ट वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमानुसार, गुणदोष न पाहता दिलेला निकाल इथल्या कोर्टावर बंधनकारक नसतो. म्हणून नोटीस फाडू नका आणि घाबरून माफीही छापू नका. आधी वकिलाला दाखवा.

आपण तेच केलं. त्या बहिणीला विचारलं, “मागं घ्यायचं का?” ती म्हणाली, “ताई, मी दोन वर्षं गप्पच होते. त्यानं काय झालं?”

तिची हकीकत आपण मागं घेतलेली नाही. कागद पुन्हा तपासलेत, उत्तर पाठवलंय. खर्चासाठी पेटी दाराशी ठेवली आहे. पाच रुपये टाकलेत तरी चालेल, पण टाका. दूरच्या तारखेला एकटी बाई हरते. तिच्यामागं आपण सगळ्या आहोत, हे त्या पेटीतूनच कळणार आहे.