‘पित्तच असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली, त्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. सचिवांनी मला विषय दिला, ‘पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं’. विषय बरोबर निवडला. जिन्यात, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: “डॉक्टर, बेंबीच्या वर दुखतंय, पित्ताची कुठली गोळी घेऊ?”

आधी एक चूक कबूल करतो, आणि ती माझीच आहे. आमचं मूळ घर रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत. माझे काका गडावर ताक-दही विकायचे. रोपवे सुरू झाला १९९६ साली, पण काका नंतरही पायऱ्यांनीच चढायचे. एका रात्री नऊच्या सुमाराला चुलतभावाचा फोन आला. “दादा, आबांच्या पोटात वरच्या बाजूला दुखतंय, घाम आलाय, उलटीसारखं होतंय.” दुपारी वाडीत जेवणावळ होती. मी म्हटलं, “पित्त झालं असेल. सोडा दे, गोळी दे, सकाळी घेऊन ये.” सकाळी महाडला कार्डिओग्राम काढला, तर हृदयविकाराचा झटका. काका वाचले, पण हृदयाचा बराच स्नायू निकामी झाला होता. त्यानंतर ते गड चढले नाहीत. अंगणात बसून वर बघायचे. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला ती रात्र विसरता येत नाही.

असं का होतं? हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर दुखणं छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ, घाम, दम, अशक्तपणा असंही होतं. सोडा घेऊन ढेकर आला, थोडं बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असं समजू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी दुखणं चालू असेल, तर थोड्या वेळाने परत काढावा लागतो.

आता नेहमीची कारणं. जळजळ, आंबट ढेकर, उपाशी असताना दुखणं, हे बहुतेक वेळा आम्ल किंवा अल्सर. अल्सर फक्त तिखटाने आणि काळजीने होतो, असा समज होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं की बऱ्याच अल्सरमागे एक जंतू असतो. त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्या जंतूवर साधारण १४ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, तो अर्धवट सोडू नये. दुसरं कारण आपल्याच कपाटात असतं: गुडघेदुखीच्या गोळ्या. आजी-आजोबांनी त्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नयेत. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर ताबडतोब दवाखाना.

तेलकट, तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, उजव्या खांद्याकडे जात असेल, तर पित्ताशयातले खडे असू शकतात. सोनोग्राफीत ते दिसतात. दुखणं पाठीत आरपार जात असेल, पुढे वाकून बसलं की जरा कमी होत असेल, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं. वजन घटतंय, घास अडकतोय, भूक मेली आहे, असं असेल तर महिनोन् महिने पित्ताच्या गोळ्या खाऊ नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

आणखी एक कारण आपल्या भागातलं. आपल्यातल्या पुष्कळांची गावं रायगडच्या परिसरात, पोलादपूरच्या खोऱ्यात. सुट्टीत गावी जातो, जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो. मण्यार रात्री फिरते, झोपेतल्या माणसाला चावते. जागेवर सूज नाही, फारशी वेदना नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी इथल्या मण्यारदंशाच्या रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आहे. म्हणून गावी जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या मिटू लागल्या, तर साप दिसला नाही तरी सरळ रुग्णालय गाठा. त्यावर प्रतिविष असतं, श्वासासाठी यंत्र असतं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. गावी झोपताना खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी वापरा.

शेवटी लक्षात ठेवायचं ते एवढंच. वरच्या पोटात दुखतंय आणि सोबत घाम, दम, चक्कर, जबड्यात किंवा हातात कळ. किंवा पोट लाकडासारखं कडक. किंवा काळी शौच, रक्ताची उलटी. किंवा ताप आणि डोळे पिवळे. किंवा पापण्या जड. यातलं काहीही असेल, तर रात्र आहे, पाऊस आहे, शेजाऱ्यांना कशाला उठवायचं, असा विचार करू नका. १०८ ला फोन लावा. मधुमेह असेल, चाळिशी उलटली असेल, तर नुसतं नवं दुखणंसुद्धा कार्डिओग्राम काढून घेण्याइतकं महत्त्वाचं. आणि शेजाऱ्यांना नक्की उठवा. २५ वर्षं एका आवारात राहतो ते कशासाठी?

हिरकणीची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे. गडाचे दरवाजे बंद झाले होते, सगळे म्हणाले, सकाळपर्यंत थांब. घरी तान्हं बाळ होतं. ती थांबली नाही, कडा उतरून गेली. तिच्या नावाच्या वाडीतल्या माणसाला मी सकाळपर्यंत थांबायला सांगितलं. तुम्ही कुणाला सांगू नका.