माझ्या मशीनवर तर चालतंय!



आपल्यापैकी अनेकांची मुलं आज संगणक शिकत आहेत. म्हणून माझ्या व्यवसायातली एकच गोष्ट सांगते.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं. नव्याने लागलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर मात्र तोच प्रोग्राम अडतो. कारण बहुधा साधं असतं. भाषेची आवृत्ती वेगळी असते किंवा एखादी लायब्ररी नसते. पण त्यात चार दिवस गेले की तिला वाटू लागतं, आपल्यालाच हे जमत नाही. मला खटकतं ते हे.

यावर उपाय आहे कंटेनर. २०१३ साली डॉकर आलं आणि तो सर्वांच्या हाती आला. कामाला काय लागतं, कोणत्या आवृत्तीचं, हे डॉकरफाइल नावाच्या साध्या फाइलमध्ये क्रमाने लिहायचं. त्यावरून कोणाच्याही मशीनवर तीच मांडणी उभी राहते. आवृत्तीचा आकडा नेमका लिहावा. ‘सर्वांत नवी’ असं लिहिलं की महिन्याभराने मांडणी बदललेली असते. पासवर्ड त्या फाइलमध्ये कधीच लिहू नयेत. कोड बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवून आत जोडावा, म्हणजे कंटेनर मोडला तरी कोड शाबूत राहतो.

त्यातच विम हा एडिटरही बसवता येतो. ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, फुकट दिला आणि वापरणाऱ्यांना युगांडातल्या गरजू मुलांना मदत करण्याचं आवाहन केलं. विमला माउस लागत नाही. तो टर्मिनलमध्ये, नुसत्या कीबोर्डवर चालतो. सुरुवातीला बोटं अडखळतात, त्यातून बाहेर कसं पडायचं तेही कळत नाही! पण कंटेनर दूरच्या सर्व्हरवर ठेवला, तर जुन्या लॅपटॉपवरून, बेताच्या इंटरनेटवरही त्यात काम करता येतं. महागडं मशीन नाही म्हणून कोणाचं शिकणं अडत नाही.

जाणकाराच्या डोक्यातली माहिती फाइलमध्ये उतरली, की नवख्याला कोणाच्या मागे फिरावं लागत नाही. आपल्यात इंजिनिअर बरेच आहेत. आपल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी अशी एक फाइल आपण मिळून लिहूया. शेजारी मराठीत एक पानभर सूचनाही देऊया. पहिल्याच तासाला मुलांचा प्रोग्राम चालला पाहिजे.