पाषाण, आटे आणि विवेक

नळ कारागिराचा अभ्यासक्रम पूर्ण करून आज प्रमाणपत्रे स्वीकारणाऱ्या स्नातकमित्रांनो,

दीक्षान्त समारंभात वक्त्याने राष्ट्र, संस्कृती आणि मानवता यांसारख्या विशाल विषयांवर बोलावे असा शिरस्ता आहे. त्या विषयांची महती मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु आपण ज्या हुन्नराची दीक्षा घेतली त्याचा मान त्यांच्याहून कमी आहे असे मी समजत नाही, आणि म्हणूनच जाड पाषाणाच्या ओट्यावर नळ बसवण्याच्या एका कामाविषयी सविस्तर बोलण्याची अनुज्ञा मी आपल्याकडे मागतो. या कामात एक टप्पा असा येतो की नळाबरोबर आलेले माहितीपत्रक मौन धारण करते आणि कारागिराच्या विद्येलाच उत्तर द्यावे लागते. त्या टप्प्यासाठीच आपल्याला येथे शिकवण्यात आले, असे माझे निश्चित मत आहे.

आपल्याकडील स्वयंपाक दीर्घकाळ जमिनीवर, चुलीपुढे पाटावर बसून होत असे. शहरांत सदनिका उभ्या राहू लागल्या तसा उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा रूढ झाला आणि त्यावर कडप्प्याचा काळा चुनखडक आला. नळ मात्र बहुतेक ठिकाणी भिंतीतूनच बाहेर येत राहिला, आणि भिंतीतल्या नळाला ओट्याच्या जाडीशी काहीच कर्तव्य नव्हते. आता गरम व थंड पाणी एकाच तोटीतून मिसळून देणारे, थेट ओट्यावर उभे राहणारे नळ अनेक घरांत आले आहेत आणि ओट्याचे स्वरूपही पालटले आहे. खाली २५ मिलिमीटरचा कडप्पा, मध्ये १५ मिलिमीटरचा सिमेंटच्या मालाचा थर आणि वर २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट अशी रचना केली, की एकूण जाडी ६० मिलिमीटर भरते.

अशा एका भोकाच्या नळाला बहुधा ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. नळाच्या बुडातून उतरणारा आट्यांचा दांडा त्या भोकातून खाली जातो, खालून रबरी वायसर, नालाच्या आकाराची धातूची चकती आणि नट चढवून तो आवळला म्हणजे वरचे बूड आणि खालची चकती यांच्यामध्ये पाषाण पकडला जातो आणि नळ स्थिर होतो. बाजारातील अनेक नळ सुमारे ४० मिलिमीटर जाडीपर्यंतच्याच ओट्यासाठी घडवलेले असतात. शिवाय नुसती पाषाणाची जाडी मोजून भागत नाही: वायसर व चकती यांचे ५ आणि नट पूर्ण बसण्याचे ७, असे सुमारे १२ मिलिमीटर आटे पाषाणाच्या खाली मोकळे निघावे लागतात, म्हणजे ६० मिलिमीटरच्या ओट्याला ७२ मिलिमीटर लांबीचा दांडा हवा. हा साधा हिशेब ज्याने आधी केला नाही, त्याला ओट्याखाली उताणे पडून, हात वर करून नट चाचपताना सत्य कळते. तोवर पाषाण छेदला गेलेला असतो, आणि छेदलेला पाषाण पुन्हा भरून येत नाही.

दांडा अपुरा पडत असेल तर तीन मार्ग खुले असतात. पहिला मार्ग दांडा लांबवण्याचा. दांडा ८ मिलिमीटरच्या प्रचलित मेट्रिक आट्यांचा असेल तर नट एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो, तेव्हा ३० मिलिमीटर वाढीव लांबीसाठी २४ फेऱ्यांची तजवीज करावी लागते. परंतु जोडावयाचे आटे एकाच जातीचे आहेत याची खातरजमा प्रथम झाली पाहिजे, कारण जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये पुरस्कारलेल्या पद्धतीवर आधारलेले आपले अर्ध्या इंची नळाचे आटे ५५ अंशांचे आणि इंचाला १४ असतात, तर मेट्रिक आटे ६० अंशांचे. या दोहोंना बळजबरीने एकत्र आणले तर आरंभी ते बसल्यासारखे वाटतात आणि पुढे पितळ सोलून निघते. दुसरा मार्ग ओटा खालून कोरण्याचा: सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाची खोबण घेऊन तेथील जाडी नळाच्या आवाक्यात आणावयाची. येथे चकती मालाच्या ठिसूळ थरावर टेकवून थांबणे हा मोठा अपराध होय. कडप्पा आणि माल दोन्ही पार करून ती अखंड ग्रॅनाइटवरच टेकली पाहिजे. तिसरा मार्ग भिंतीतील नळाचा, आणि तो सुचवण्यात कोणताही कमीपणा नाही. ओटा अजून पाथरवटाच्या कारखान्यातच असेल तर दुसरा मार्ग उत्तम. तो बसून गेला असेल आणि खाली हात फिरण्यास जागा नसेल तर पहिला किंवा तिसरा. यांतील योग्य मार्ग कोणता हे कोणतेही पत्रक सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवावयाचे आहे, आणि कारण देऊन ठरवावयाचे आहे.

कारण देता येण्यासाठी पाषाणाचा स्वभाव जाणावा लागतो. ग्रॅनाइट दाब प्रचंड सहन करतो, परंतु ताण त्याच्या दशांशही त्याला पेलत नाही. म्हणून भांडी धुण्याच्या सिंकचा कापलेला भाग आणि नळाचे भोक यांच्यामध्ये अरुंद पट्टी राहिली तर उंच तोटीला बसणाऱ्या एखाद्या हिसक्यानेही तेथे भेग पडू शकते. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ पोलादी पात्याला दाद देत नाही, म्हणून हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ कटर, तोही ठोक्याची क्रिया बंद ठेवून, मंद गतीने चालवावा लागतो. त्यावर पाण्याची अखंड धार हवी, कारण अति उष्णतेने हिरासुद्धा नष्ट होतो. आणि त्याहून महत्त्वाचे कारण असे की कोरड्या कापाने उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. कर्करोगावरील संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये या धुळीची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. काम लवकर उरकण्यासाठी पाणी बंद करण्याचा हुकूम कोणी केला, तर तो मानू नका. आणि तुमच्या हाताखालच्या मुलाला तसा हुकूम कधीही करू नका.

स्नातकहो, या कामाचा मुख्य भाग ओट्याखालच्या अंधारात राहतो, आणि गृहस्वामिनीला केवळ वरची तोटी दिसते. म्हणून तिला काम सुरू होण्यापूर्वीच सर्व तपशील स्पष्ट सांगा: जाडी किती, दांडा किती, मार्ग कोणते, खर्च कशाचा वाढेल आणि धोका कोठे आहे. बुडाखाली तेलमिश्रित पुट्टी भरू नका, कारण सच्छिद्र पाषाण तेल शोषतो आणि तो डाग कायमचा राहतो. नट आवळताना बळापेक्षा चकती सपाट टेकल्याची खूण महत्त्वाची माना. शेवटी पाणी सोडून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा पाहा.

विद्यापीठांतून बाहेर पडणारे पंडित आणि या संस्थेतून बाहेर पडणारे तुम्ही, यांच्या विद्येची कसोटी एकच आहे: लिखित सूचनांची हद्द जेथे संपते, तेथे कारणांच्या आधारे योग्य निर्णय करता येतो की नाही आणि त्या निर्णयाची जबाबदारी आपल्या नावावर घेता येते की नाही. आज मिळालेले प्रमाणपत्र हा त्या पात्रतेचा दाखला आहे. तो रोजच्या कामाने खरा करून दाखवा. जे तुम्ही कारणासह शिकलात ते तुमच्या मागून येणाऱ्यांनाही कारणासह शिकवा, आणि या हुन्नराची प्रतिष्ठा तुमच्या हातून वृद्धिंगत होवो, अशी मनःपूर्वक इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.