गिरगावचे ऑपेरा हाऊस



मुंबईस जाऊन आलेल्या पुष्कळांना ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव ठाऊक असते. त्या भागाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे; पण ज्या वास्तूवरून ते पडले, तिच्या आत पाऊल टाकणारे थोडेच. आज आपल्याला तेथे घेऊन जाण्याचा विचार आहे.

ऑपेरा म्हणजे युरोपातील संगीत नाटक. आपल्याकडे पात्र बोलता बोलता पद म्हणू लागते. ऑपेरात संवादही बहुधा गाऊनच होतात. अशा खेळांसाठी मॉरिस बँडमन हे नाटकमंडळीचे चालक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाचे दलाल, या दोघांनी हे नाट्यगृह उभारण्याचे मनावर घेतले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा काम पुरे व्हायचेच होते!

बांधणी बरोक पद्धतीची. ही शैली सतराव्या शतकात इटलीत बहरली. सरळ रेषेपेक्षा वळणावर आणि साधेपणापेक्षा थाटावर तिचे प्रेम. दर्शनी दालनात ससून घराण्याने दिलेली बिलोरी झुंबरे आहेत. सभागृहात गेल्यावर मात्र मान वर करावी. घुमटाचे आठ भाग पाडून कवी, कादंबरीकार व नाटककार यांना तेथे मान दिला आहे. आपली नांदी देवाला असते. येथे छतच लेखकांना वंदन करते. आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळी, वरच्या गॅलरीतल्या प्रेक्षकाच्या कानीही शब्द पोहोचावा अशी रचना केली. नटाचा गळा आणि बांधणाऱ्याची अक्कल, एवढ्यावरच सारी भिस्त!

ऑपेराचे दिवस लवकर सरले. या रंगमंचावर बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले. पुढे चित्रपट आले. पृथ्वीराज कपूर नाटक संपले की दाराशी झोळी धरून उभे राहत. १९५२ साली गोंडळच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. प्रेक्षक आटले आणि १९९३ साली दारे बंद झाली.

ती उघडायला तेवीस वर्षे लागली. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी जुनी छायाचित्रे धुंडाळून, रंगांचे थर खरवडून मूळ रूप शोधून काढले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. २०१७ साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

हे सारे सोलापुरात का सांगायचे? कापड जुने झाले म्हणून फेकावे की रफू करावे, हे विणकरांच्या या गावाला शिकवायला नको. पण रफू केलेले वस्त्र पेटीत ठेवले, तर त्याला कसरच लागायची. इमारतीचे तसेच आहे. पावसाने ती जितकी खचते, त्याहून अधिक रिकामेपणाने खचते. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून नाटकाला बसणारा माणूस नुसती करमणूक विकत घेत नाही. त्या छताखाली तो आपल्यापुरता एक टेकू देत असतो. मुंबईला जाल तेव्हा ऑपेरा हाऊस अवश्य पाहा. पण त्याआधी, येत्या आठवड्यात आपल्या गावात कोणते नाटक आहे, याची चौकशी करा.