टांगती बाग



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकली आहेत. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांवर. चिटणिसांनी मला कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. मी म्हटले, त्यावर मी वर्षभर बोलतोच. यंदा टांगत्या कुंड्यांवर बोलू द्या. ते हसले. परंतु विषय वाटतो तितका हलका नाही. दहा इंची टोपलीत सुमारे ४ लिटर माती मावते, आणि भिजल्यावर तिचे वजन पाच-सहा किलोंवर जाते. ती डोक्यावर पडली म्हणजे विषयाचे वजन कळते!

मुंबईकराला हँगिंग गार्डन म्हटले की मलबार हिल आठवते. ती बाग पाण्याच्या टाकीवर केलेली आहे. तेथे टांगलेले असे काहीच नाही. खरी टांगण्याची विद्या आपल्या आजीच्या घरात होती. मांजराच्या भीतीने दह्यादुधाची भांडी शिंक्यावर ठेवीत. त्याच शिंक्यात कुंडी ठेवली की झाली टांगती बाग.

माझे बालपण गिरणगावातल्या चाळीत गेले. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. तिच्या जमिनीवर पाण्याची पिंपे, चपला आणि रात्री झोपणारी माणसे. झाडाला जागा कोठून द्यावयाची? आईने सुतळीचे शिंके विणले, तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडली आणि त्यात चिनी गुलाब लावला. त्याला चाळीत ‘ऑफिस टाइम’ म्हणत, कारण ऊन चढले की तो उमलतो. वडील साचेखात्यात होते; ते म्हणत, याला पहिली पाळी कधी जमणार नाही!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या संपात आमची तांब्या-पितळेची भांडी एकेक करून बाजारात गेली. डब्याला मात्र गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो राहिला. आई त्याच्या काड्या खुडून शेजारणींना देई. देण्यासारखे घरात तेवढेच उरले होते. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. डब्याला पाणी घालण्याचे काम तेव्हापासून माझ्याकडे आले, ते अजून आहे.

आता व्यवहाराकडे वळू. उन्हाची गॅलरी असेल तर चिनी गुलाब लावा. ऊन थेट येत नसून उजेड भरपूर असेल तर मनीप्लँट किंवा क्लोरोफायटम लावा. मनीप्लँट हा मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ बेटाचा. तो चोरून आणला तरच वाढतो, असा एक समज आहे. खरी गोष्ट अशी की, पेर असलेली कोणतीही कांडी पाण्यात ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत मुळे धरते. मागून आणा, तीही धरील. हा वेल सहसा फुलतच नाही. कांडीपासून कांडी, असाच तो जगभर पसरला. त्याने धन येते म्हणतात. मी तीस वर्षे लावतो आहे. आपण माझ्याकडे पाहून निर्णय करावा. एक सावधगिरी मात्र हवी. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते, तेव्हा लहान मुलांच्या हाताला वेल लागू देऊ नये.

टोपलीला आतून काथ्याचे अस्तर द्यावे. निव्वळ माती भरू नये. निम्मा नारळाचा भुसा, थोडे शेणखत आणि बाकी माती असे मिश्रण हलके राहते. सुतळी पावसाळ्यात कुजते, म्हणून नायलॉनची दोरी किंवा तार घ्यावी. हूक गिलाव्यात ठोकू नये. तो स्लॅबमध्ये किंवा तुळईत पक्का बसला पाहिजे. वेल लांब गेला आणि वरून टक्कल पडले, तर शेंडे खुडावेत. खाली डोळे फुटतात. आणि खुडलेल्या कांड्या त्याच टोपलीत खोचाव्यात.

बहुतेक वेल तहानेने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. बोट मातीत पेराएवढे खुपसावे. ओल लागली तर पाणी घालू नये. शक्य तर टोपली उतरवून बादलीत बुडवावी आणि निथळून मग टांगावी. मी एकदा आळस केला आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर माझे पाणी गळले. दुसऱ्यांचे तंटे सोडवणारा मी, त्या दिवशी आरोपी म्हणून उभा होतो! तेव्हापासून खाली ताटली लावतो. पण ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, ताटली घासून घ्यावी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. मनीप्लँटच्या बाटलीलाही हाच नियम.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिवणकारखान्यातल्या बायका माझ्याकडे आल्या. कापडाच्या तुसाने खोकला लागे. मागणी साधी होती : हवा बाहेर काढणारे पंखे बसवा. मालकांनी पंख्यांऐवजी दहा टांगत्या कुंड्या लावल्या आणि अमेरिकेतल्या प्रयोगाचे कात्रण दाखवले, की झाडे हवा शुद्ध करतात. मी झाडांचा माणूस, क्षणभर गप्प झालो. मग वाचनालय गाठले. तो नासाचा १९८९ चा प्रयोग खरा होता. पण तो बंद पेटीतल्या हवेवर केलेला होता, आणि वायूंवर, तुसावर नव्हे. पुढे २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला गेला. इमारतीत सहज खेळणाऱ्या हवेइतके काम झाडांकडून घ्यायचे, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील. म्हणजे बायकांना बसायला जागा नाही! हा हिशेब मी मालकांपुढे ठेवला. तीन महिन्यांनी पंखे बसले. मालक कुंड्या उतरवू लागले, तेव्हा त्याच बायकांनी अडवले. त्या म्हणाल्या, पंखा फुप्फुसासाठी मागितला होता. हे डोळ्यांसाठी राहू द्या. आजही जेवणाच्या सुट्टीत त्या पाळीपाळीने पाणी घालतात.

झाडाकडून झाडाचेच काम घ्यावे, पंख्याचे घेऊ नये. आणि पंखा मिळाला म्हणून झाड नको, असेही म्हणू नये. माणसाला दोन्ही लागते.

शेवटी एक गंमत. मनीप्लँट टोपलीतून खाली लोंबत राहिला तर त्याची पाने तळहाताएवढीच राहतात. तोच वेल झाडाच्या खोडाला धरून वर चढला, तर पाने सुपाएवढी होतात. याचा अर्थ मी सांगितला, तर आपण म्हणाल, संघटनेवाल्याची खोड जात नाही! तो आपणच काढावा.

जाताना दारापाशी पिशवीत कांड्या ठेवल्या आहेत. एकेक घेऊन जा. चोरण्याची गरज नाही.