चौकोनाचीं वाक्यें

सोलापूरनजीकच्या कुंभारी गांवीं विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या मोठ्या वसाहती आहेत. २००६ सालीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची दहा हजार घरांची वसाहत तेथें झाली. जानेवारी २०२४ मध्यें रे नगरांतील पंधरा हजार घरांचें लोकार्पण झालें. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारी भाषा अशा वस्तींत कानीं पडतात. तेथील मुलांस ‘चौकोन’ हा शब्द शिकवावयाचा, तर प्रारंभ कोठून करावा?

व्याख्येपासून खचित नव्हे. ‘चार रेषाखंडांनीं बंदिस्त झालेली आकृति’ हें पाठ म्हणणारें पोर दाराकडे बोट दाखवूं शकत नाहीं, असें पुष्कळदां घडतें. पहिलींतल्या मुलास ‘खिडकी चौकोनी आहे’, ‘भाकरी चौकोनी नाहीं’ एवढींच वाक्यें द्यावीं. त्यांतलें नकाराचें वाक्य अधिक मोलाचें. शब्दाची शीव त्यानें कळते.

तिसरी-चौथींत घरचें उदाहरण घ्यावें. विडीसाठीं तेंदूचें पान भिजवितात, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनें लांबट चौकोन कापतात आणि मग तंबाखू भरून विडी वळतात. मुलाची आई असे शेकडों चौकोन दिवसाकाठीं कापते! परंतु त्या तुकड्याला शाळेंत ‘आयत’ म्हणतात, हें त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं, तर पुस्तकांतला आयत व घरांतलें पान यांची गांठ कधींच पडत नाहीं. शब्दहि मोठा फसवा. उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘आयत’ म्हणजे कुराणांतील वचन. मराठी पोराला तो ‘आयता’चा भाऊ वाटतो. कानडी घरच्या मुलास मात्र तो सोपा, कारण कन्नडांतहि आयत म्हणजे आयतच. तेलुगूंत त्यालाच ‘दीर्घचतुरस्रम्’ म्हणतात, आणि आपला ‘चौरस’ त्याच ‘चतुरस्र’ शब्दापासून निघालेला. शिक्षकानें हे शब्द मुलांच्या तोंडून आधीं ऐकून घ्यावे.

खरी अडचण पांचवी-सहावींत येते. बोलण्यांत ‘चौकोनी रुमाल’ म्हणजे चारी बाजू सारख्या असलेला. भूमितींत मात्र बाजू कशाहि असोत, चार असल्या कीं चौकोन. ‘प्रत्येक आयत चौकोन असतो, पण प्रत्येक चौकोन आयत नसतो’ हें दहा वेळां म्हणवून घेण्यापेक्षां सोलापुरी चादर वर्गांत अंथरावी आणि तिचा एक कोपरा ओढून तिरका करावा. आयत गेला, चौकोन राहिला! हें मुलांनींच बोलावें, व त्यांच्याच शब्दांत तें फळ्यावर लिहावें.

आठवींत आकृतीपलीकडचा अर्थ यावा. ‘चौरस आहार’, ‘चौकोनी कुटुंब’ हे प्रयोग शहरी घरांत सहज बोलले जातात. एखादी मुलगी ‘आमचें कुटुंब चौकोनी नाहीं’ असें लिहील, आणि परीक्षक भूमितीची चूक समजून त्यावर लाल रेघ ओढील. ती ओढण्यापूर्वीं तिच्या घरीं माणसें किती, एवढें त्यानें विचारावें.